शेळ्या निसटल्या कुठून? एका कोपऱ्याचा पंचनामा

जागा छोटी आहे. दीड एकर कुरण, दोन गाई, एक कालवड, अकरा शेळ्या आणि त्यांची करडं. नवरा-बायको दोघंच सगळं बघतात. तो दिवसा नोकरीवर जातो, सकाळ-संध्याकाळचं गोठ्याचं काम दोघांत वाटलेलं आहे आणि कुंपणाचं काम सुट्टीच्या दिवसावर ढकललेलं. अशा ठिकाणी कुंपण एकदम कधी पडत नाही. ते हळूहळू सैल होत जातं आणि दर वेळी तारेचा तुकडा बांधून, फांदी रोवून, मोडकं फाटक आडवं टाकून वेळ मारून नेली जाते. तात्पुरती म्हणून केलेली ही डागडुजी वर्षानुवर्षं तशीच राहते, हे जनावरं सांभाळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

कुरणाच्या तीन बाजूंना लाकडी खांबांवर विणलेली जाळी आहे. चौथी बाजू आणि आतल्या आडव्या वाटण्या झटक्याच्या दोरीच्या, म्हणजे विजेचा झटका बसावा म्हणून प्लॅस्टिकच्या धाग्यांत बारीक पोलादी तारा विणलेल्या दोरीच्या. शिवाय जाळीच्या तिन्ही बाजूंना आतून, गाईच्या नाकाच्या उंचीवर, झटक्याची एक साधी तार फिरवलेली आहे. गाईंनी जाळीवर रेलू नये, एवढंच तिचं काम. हे सगळं प्रकरण शेवटी या एका तारेवर येऊन थांबलं, म्हणून तिचा उल्लेख आधीच केला.

पूर्वेच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा लसूणघासाचा तुकडा आहे. एके दिवशी पहाटे सात शेळ्या त्यात सापडल्या. दव पडलेलं, घास कोवळा आणि शेळ्या रात्रभराच्या उपाशी. हाकून आणल्यावर थोड्याच वेळात दोघींची डावी कूस फुगून पाठीच्या कण्याच्या वर आली. दात खाणं, पाय आपटणं, तोंडातून लाळ. पशुवैद्य यायच्या आत एक गेली. दुसरी वाचली, कारण फोनवर मिळालेल्या सूचनेप्रमाणे मालकिणीने तिला खाद्यतेल पाजलं आणि पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी धरून ठेवली. लसूणघासासारख्या कोवळ्या द्विदल चाऱ्याने होणाऱ्या पोटफुगीत वायू मोकळा नसतो, फेसाच्या बारीक बुडबुड्यांत अडकलेला असतो. त्यामुळे जनावराला ढेकर देता येत नाही. तेलाने तो फेस मोडतो. मात्र तेल पाजताना मान फार वर ओढली तर ते फुप्फुसात जातं आणि पोटफुगीतून वाचलेलं जनावर न्यूमोनियाने दगावतं. बाईंनी घाईतही ते सांभाळलं.

शेळी गेल्याच्या चटक्यात मालकाने त्याच आठवड्यात दुप्पट ताकदीचं झटका मशीन आणून बसवलं. पुढच्या काही दिवसांतच शेळ्या पुन्हा बाहेर, पूर्वेच्या त्याच कोपऱ्यातून. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार होता. पण तेव्हा तसं कुणाला वाटलं नाही, कारण नवं मशीन अगदी झोकात टकटक वाजत होतं.

आधी गवत, मग कुंपण

मला बोलावलं ते कोपरा दाखवायला. कोपऱ्याकडे जायच्या आधी मी कुरण फिरून पाहिलं. जनावर कुंपण तोडतं ते बहुतेक वेळा आत काहीतरी कमी पडतं म्हणून. काय कमी आहे ते न बघता खांब बदलला, तर आठ-पंधरा दिवसांत पुढचा खांब हलायला लागतो.

आत गवत होतं, पण बोटाच्या दोन पेरांएवढं. पाण्याच्या टाकीभोवती उघडी माती. शेणाच्या पोवांभोवती मात्र उंच, हिरवीगार वर्तुळं, कारण आपल्या शेणाजवळचं गवत गुरं सहसा टाळतात. कुंपणाबाहेर, जाळीला लागून, साधारण मान पोहोचेल तेवढ्या रुंदीचा पट्टा स्वच्छ खाल्लेला होता. त्या पट्ट्यापलीकडे गवत गुडघ्याएवढं. आतून डोकं काढून बाहेरचं खायचं, ही रोजची सवय झालेली होती.

मग ओट्यावर बसून हिशेब मांडला. हा हिशेब कुणीही करावा, अवघड नाही. गाईला रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडं खाद्य लागतं, शेळीला त्याहून थोडं जास्त, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. कोरडं म्हणजे पाण्याचा अंश वजा करून. साडेतीनशे किलोच्या दोन गाईंना मिळून साडेसतरा किलो. दोनशे किलोच्या कालवडीला पाच. तीस किलोच्या अकरा शेळ्यांना (गेलेली धरून) साडेअकरा. करडं सोडली तरी रोजचे ३४ किलो झाले. आता दीड एकर म्हणजे ०.६ हेक्टर. ओल भरपूर असताना, चांगल्या कुरणात रोज हेक्टरी ५० किलो कोरडं गवत वाढतं असं धरलं, तरी इथे होतात ३० किलो. वाढ मंदावली की हेक्टरी १० किलोसुद्धा मिळत नाही, म्हणजे इथे सहा किलोच्या आतबाहेर. त्यातलंही सगळं तोंडात जात नाही, बरंचसं तुडवलं जातं.

थोडक्यात, ऐन भरातही हे कुरण एवढ्या जनावरांना पुरत नाही. एरवी तर ते कुरण नसून पाय मोकळे करायचं अंगणच आहे. गाईंना धार काढताना खुराक आणि हिरवा चारा मिळत होता. शेळ्यांना मात्र "त्या काय, चरून येतात" म्हणून वेगळं काही नव्हतं.

"पण शेळ्या तर काहीही खातात ना?" मालकाचा प्रश्न.

खातात. म्हणूनच तर पलीकडे गेल्या. शेळीचा मूळ कल वर मान करून पाला, शेंडे, झुडपं खाण्याकडे असतो. तिला जमिनीलगत कुरतडायला लावलं, तर ती एकतर जंत गोळा करते, नाहीतर वाट शोधते. इथे दोन्ही झालं होतं.

तांबूस केस, काळे केस

कोपऱ्यावर पहिली गोष्ट दिसली ती केस. जाळीच्या सगळ्यात वरच्या तारेत, पिळांमध्ये, झुबक्याने केस अडकले होते आणि ते तांबूस होते. खालच्या कडेला, जिथे जाळी जमिनीपासून वीतभर उचललेली होती, तिथे काळे केस. या घरच्या शेळ्या सगळ्या काळ्या आहेत. तांबड्या आहेत त्या गाई.

म्हणजे वाट शेळ्यांनी केलेली नव्हती. गाई वरून रेलत होत्या, मान पलीकडे टाकून बाहेरचं गवत ओढत होत्या. त्यांच्या छातीच्या दाबाने जाळीचं पोट बाहेर आलेलं, वरची तार खाली बसलेली. खांब घासून घासून गुळगुळीत झालेला. या सगळ्याने खालची कड उचलली गेली आणि उघड्या फटीतून शेळ्या सरपटत गेल्या. चोर म्हणून नाव मात्र शेळ्यांचंच झालं, कारण सापडल्या त्या.

जाळी उचलली जायला आणखी एक कारण होतं आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ही चूक मी जागोजागी बघतो. कोपऱ्याच्या खांबाला आतल्या बाजूने एक तिरका टेकू दिला होता. आखूड, उभट, जवळपास अर्ध्या उंचीवर टेकवलेला. बघणाऱ्याला तो भक्कम वाटतो. प्रत्यक्षात जाळीचा ताण खांबाला आत ओढतो, खांब त्या टेकूवर दाबला जातो आणि टेकू उभट असल्यामुळे तो दाब आडवा न जाता वर जातो. गाडी उचलायच्या जॅकसारखा तो टेकू खांबाला जमिनीतून वर काढत राहतो. उन्हाळ्यात माती कडक असते तोवर काही दिसत नाही. पाऊस पडून माती मऊ झाली की खांब दोन-चार बोटं वर येतो. तो खाली कधीच जात नाही, दर पावसाळ्यात फक्त वर येतो. या खांबाच्या बुडाशी जुन्या मातीचा डाग जमिनीच्या वर चांगला चार बोटं दिसत होता. खांबाबरोबर जाळीही वर आली.

जाळी ठोकलेली होती खांबांच्या बाहेरच्या बाजूने. रस्त्यावरून बघताना तसं नीट दिसतं खरं. पण जनावर आतून ढकलतं. जाळी आतल्या बाजूने असेल तर तो धक्का खांबावर जातो, बाहेरून असेल तर यू-खिळ्यांवर. इथले निम्मे खिळे अर्धवट उपसले होते, काही गवतात पडलेले होते. गवतात पडलेल्या खिळ्यांबद्दल पुढे.

मशीन वाजतंय, मग झटका का नाही?

आता ती नाकाच्या उंचीची तार. ती जिवंत असती तर गाई जाळीला टेकल्याच नसत्या. मालक म्हणाला, "अहो, मशीन वाजतंय की!" मशीन वाजतंय याचा अर्थ एवढाच, की ते तारेत ठोका सोडतंय. तो ठोका पुढे कुठवर पोहोचतो, हे मशीनला कळत नाही.

मीटर लावला. मशीनच्या तोंडाशी, तारा सुट्या करून, ८,००० व्होल्ट. तारा जोडल्यावर तिथेच ५,२००. पूर्वेच्या कोपऱ्यात १,९००. जुनं, अर्ध्या ताकदीचं मशीन जोडून बघितलं तर कोपऱ्यात १,४००. दुप्पट ताकदीने कोपऱ्याला जास्तीचे मिळाले जेमतेम ५०० व्होल्ट. गाय नीट मागे हटायला तारेच्या शेवटच्या टोकाला निदान ३,००० व्होल्ट लागतात. शेळ्या-मेंढ्यांना त्याहून जास्त, ४,००० च्या पुढे, कारण अंगावरचे केस आणि लोकर विजेला अडवतात आणि खूरही लहान, कोरडे असतात.

झटक्याचा प्रवास समजून घेतला तर दोष शोधणं सोपं होतं. ठोका मशीनमधून तारेत जातो, तारेतून जनावरात, जनावराच्या पायांतून मातीत, आणि मातीतून अर्थिंगच्या गजाकडे परत मशीनमध्ये. हे वर्तुळ पूर्ण झालं तरच झटका बसतो. लोक लक्ष देतात ते निम्म्या वर्तुळाकडे, म्हणजे तारेकडे. मातीतली परतीची वाट कुणी बघत नाही.

इथे अर्थिंगला एकच गज होता, हातभर लांबीचा, गोठ्याच्या पागोळीच्या आत, जिथे वर्षभर पावसाचा थेंब पडत नाही अशा कोरड्या भरावात ठोकलेला. त्याची तपासणी अशी केली: मशीनपासून शंभर मीटरवर तारेला लोखंडी पहारी टेकवून व्होल्टेज २,००० च्या खाली आणलं, मग अर्थिंगचा गज आणि त्यापासून मीटरभर दूर मातीत खोचलेला दुसरा गज यांच्यामधलं व्होल्टेज मोजलं. अर्थिंग चांगलं असेल तर हा आकडा ३०० च्या आत असतो. इथे तो हजारावर होता. म्हणजे वीज परत यायला धडपडत होती आणि वाट सापडत नव्हती.

बाकीची गळती किरकोळ, पण भरपूर. उत्तरेच्या बाजूला वेलींनी तार पुरती वेढलेली. ओली पानं तारेला लागली की प्रत्येक पान थोडी वीज मातीत सोडतं. फाटकाखालून नेलेली वायर घरगुती होती. तिचं आवरण काहीशे व्होल्ट सोसायला बनवलेलं, इथे हजारो जातात. कान लावला तर मातीतून चट् चट् ऐकू येत होतं. यासाठी दुहेरी आवरणाची वेगळी वायर असते. झटक्याची दोरी तीन ठिकाणी तुटून नुसत्या गाठी मारून जोडलेली होती. गाठीत पोलादी धागे एकमेकांना लागतातच असं नाही. तिथे धातूची पकड लावावी लागते.

याच वेळी मालकाने एक प्रश्न अर्धवट चेष्टेत विचारला: घरचीच लाईन तारेत सोडली तर? असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून स्पष्ट लिहितो. कधीही नाही. झटका मशीनचा ठोका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळ टिकतो आणि पुढच्या ठोक्याच्या आधी सुमारे सेकंदभर खंड असतो. त्या खंडात माणूस किंवा जनावर सुटतं. घरची वीज सलग वाहते, स्नायू आखडतात, हात सुटत नाही, माणसं मरतात. काटेरी तारेत मशीनचा झटका सोडणंही तसंच वाईट, कारण अडकलेल्या जनावराला सुटता येत नाही आणि ठोके चालूच राहतात.

दुरुस्ती, कामाच्या क्रमाने

दुरुस्तीचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला की कुठल्या कामाने किती फरक पडला हे दिसावं. सगळं एकदम केलं असतं तर श्रेय नव्या मशीनला गेलं असतं आणि पुढच्या वर्षी आणखी मोठं मशीन आलं असतं.

पहिल्यांदा जुनंच मशीन परत जोडलं. पाण्याच्या टाकीतून सांडणारं पाणी जिथे मुरतं त्या सखल, ओलसर जागेत दोन-दोन मीटरचे, जस्ताचा मुलामा दिलेले तीन लोखंडी गज, एकमेकांपासून तीन मीटरवर ठोकले आणि जस्ताच्याच मुलाम्याच्या पकडींनी, एका सलग तारेने जोडले. तांब्याची तार वापरली नाही. तांबं आणि जस्त ओलाव्यात एकत्र आले की जोड गंजून खलास होतो. घराच्या विजेच्या अर्थिंगपासूनही हे गज लांब ठेवले. कोपऱ्यातला आकडा १,४०० वरून ३,६०० वर गेला. मग वेली काढल्या, फाटकाखालची वायर बदलली, गाठींच्या जागी पकडी लावल्या. कोपऱ्यात ५,४००. जुन्या मशीनवर. नवं मशीन आता खोक्यात घालून ठेवलंय, जुनं बंद पडलं तर कामाला येईल.

कोपऱ्याचा खांब उपसून काढला. बाहेरून ठणठणीत दिसत होता, पण जमिनीच्या पातळीला पेचकस सहज आत गेला. लाकूड कुजतं ते इथेच, कारण ओल आणि हवा दोन्ही याच जागी मिळतात. मीटरभर खाली धड, वर धड आणि मध्ये भुसा. नवा खांब मीटरभर खोल रोवला. माती वीत-वीत टाकून पहारीने कुटली, बुडाशी सगळ्यात जास्त. काँक्रीट घातलं नाही. लाकडी खांबाभोवती काँक्रीटचा पेला केला की त्यात पाणी साठतं आणि खांब लवकर जातो, असं माझं मत आहे; वेगळं मत असणारेही आहेत.

टेकू काढून टाकला. त्याऐवजी कोपऱ्यापासून अडीच मीटरवर, दोन्ही कुंपणांच्या ओळीत, एकेक जोडखांब रोवला. कोपऱ्याचा खांब आणि जोडखांब यांच्या वरच्या भागात आडवी बल्ली बसवली. मग दुहेरी तार, जोडखांबाच्या माथ्यापासून कोपऱ्याच्या खांबाच्या बुडाशी तिरकी बांधून, मध्ये काठी घालून पिळली. ही तिरकी तार कुठून कुठे जाते यात लोक हमखास घोटाळा करतात. जाळीचा ताण कोपऱ्याच्या माथ्याला आत ओढतो. तो माथा बल्लीला ढकलतो, बल्ली जोडखांबाच्या माथ्याला ढकलते, आणि जोडखांबाचा माथा तिरक्या तारेने कोपऱ्याच्या बुडाला बांधलेला असल्याने सगळं एकमेकांत अडकून बसतं. तार उलटी, म्हणजे कोपऱ्याच्या माथ्यापासून जोडखांबाच्या बुडाशी बांधली, तर ताण येताच ती सैल पडते आणि नुसती शोभेला उरते.

जाळी त्या बाजूपुरती आतून लावली. यू-खिळे पूर्ण ठोकले नाहीत. तार खिळ्यात सरकायला हवी, म्हणजे एका जागी बसलेला धक्का पूर्ण लांबीवर वाटला जातो. खिळा लाकडाच्या रेषेला थोडा तिरपा मारला की खांब चिरत नाही.

काम संपल्यावर तारेची टोकं आणि जुने खिळे वेचणं हे कुणालाच आवडत नाही. इथे ते सक्तीने केलं, दोरीला लोहचुंबक बांधून गवतातून ओढलं. गाय खाताना निवडून, चावून खात नाही. गवताबरोबर गेलेला तारेचा तुकडा तिच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, जाळीपोटात, बसतो. हा कप्पा हृदयाच्या अगदी शेजारी, मध्ये फक्त पडदा. पोट आकुंचन पावलं की तार पुढे सरकते. अशा गाई महिनोन् महिने "खात नाही, दूध कमी झालं" म्हणून वेगवेगळी औषधं घेत राहतात. दोन्ही गाईंना पशुवैद्यांकडून पोटातला चुंबक देऊन घेतला. तो एकदा दिला की तिथेच राहतो आणि लोखंड धरून ठेवतो. मशीनची जुनी, फुटकी बॅटरी गव्हाणीमागे पडलेली होती, तीही हलवायला लावली. गुरं अशा बॅटऱ्या चाटतात आणि शिशाच्या विषबाधेने आंधळी होऊन, झटके येऊन मरतात.

पापण्या आणि सवयी

शेळ्या पकडलेल्याच होत्या म्हणून मालकिणीला खालची पापणी ओढून आतला रंग बघायला सांगितलं. तिघींची फिकट गुलाबी, एकीची जवळजवळ पांढरी आणि तिच्या जबड्याखाली मऊ सूज. रक्त शोषणाऱ्या जंतांचं हे नेहमीचं चित्र. खात्री लेंड्यांच्या तपासणीने झाली. पापणीचा रंग एक ते पाच अशा पायऱ्यांत मोजायचा 'फमाचा' (FAMACHA) नावाचा तक्ता दक्षिण आफ्रिकेत तयार झाला, तो पशुवैद्यांनी बाईंना वापरायला शिकवला. आतापर्यंत सगळ्यांना ठरावीक काळाने एकच जंतनाशक दिलं जात होतं. त्याने औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात. आता ज्यांची पापणी फिकट त्यांनाच औषध, तेही वजन करून.

पण औषधापेक्षा मोठा फरक गवताच्या उंचीने पडतो. जंतांच्या अळ्या बहुतेक गवताच्या खालच्या पाच सेंटिमीटरमध्ये असतात. इथल्या शेळ्या तेवढंच खात होत्या. म्हणून झटक्याच्या दोरीने कुरणाचे चार कप्पे केले. गवत आठ-दहा सेंटिमीटरवर आलं की जनावरं बाहेर, पुन्हा नीट वाढल्याशिवाय आत नाही. चारही कप्पे उतरले, की गोठ्याजवळच्या उघड्या आवारात ठेवून चारा घालायचा. हे आवार चिखलाचं, ओंगळ होतं आणि ते तसंच होणार. कुरण वाचवायचं तर एक जागा सोडून द्यावी लागते. सकाळी बाहेर सोडण्याआधी सगळ्यांना कोरडी वैरण. पोट अर्धं भरलेलं जनावर कुंपणाजवळ उभं राहून पलीकडे बघत बसत नाही, आणि कधी चुकून ओल्या घासात गेलंच तर तुटूनही पडत नाही.

शेळ्यांना कुंपण नव्याने शिकवावं लागलं. झटक्याची तार हा अडथळा नसतो, ती फक्त आठवण असते. कमजोर तारेवर वाढलेल्या शेळीला आठवणच नसते. नाकाला झटका बसला तर ती मागे जाते, पण डोकं पलीकडे गेल्यावर मानेमागे बसला तर उडी पुढेच पडते आणि तिला वाटतं, पळालं की त्रास संपतो. म्हणून पक्क्या जाळीच्या छोट्या वाड्यात, आतून पूर्ण ताकदीची तार लावून, त्यांना काही दिवस ठेवलं. नऊ जणी शिकल्या. भुरी नावाची एक शिकली नाही. ती ठोके मोजते, असं बाई म्हणतात. दोन ठोक्यांच्या मधल्या खंडात ती खरंच तारेखालून जाते, हे मी पाहिलं आहे. ती आता बंदिस्त असते आणि तिची करडं कुंपण शिकायच्या वयात तिच्यापासून वेगळी काढतात.

आजची स्थिती

मधला पावसाळा कोपऱ्याने काढला. जोडखांब हललेला नाही. शेळ्या एकदाच बाहेर गेल्या, तेही पाहुण्यांनी फाटकाची कडी न लावल्यामुळे. त्यानंतर फाटकाच्या वरच्या बिजागरीची खुंटी उलटी बसवली, म्हणजे गाईने शिंगाने फाटक उचललं तरी ते निघत नाही, आणि कडीला स्प्रिंग लावली. शेजाऱ्यांशी बोलणं सुरू झालंय. लसूणघासाची कापणी कोणत्या दिवशी ते आदल्या संध्याकाळी सांगतात.

मीटर दाराजवळ खिळ्याला टांगलेला असतो. धार काढून झाली की बाई कोपऱ्यातला आकडा बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. आकडा एकदम पडला तर तार तुटली किंवा फांदी पडली, हळूहळू उतरत गेला तर वेली वाढल्या किंवा अर्थिंगची माती सुकली, एवढं निदान त्यांना आता घरबसल्या करता येतं. कडक उन्हाळ्यात अर्थिंगच्या गजांना बादलीभर पाणी घालणं त्यांनी आपणहून सुरू केलं.

न सुटलेला प्रश्न जनावरांच्या संख्येचा. ३४ किलोचा हिशेब कुंपण दुरुस्त करून बदलत नाही, आणि कालवड गाभण राहिली की तो वाढेल. मालकाला शेळ्या कमी करायच्या नाहीत, मालकीण कालवड सोडायला तयार नाही. तोवर वैरण विकत येते. पश्चिमेच्या कोपऱ्यातही तसाच उभट टेकू आहे. तिथला खांब हाताने ढकलला तर बोटभर हलतो आणि जुन्या मातीचा डाग वर दिसायला लागलाय. पुढच्या पावसाआधी तो उपसायचा, असं ठरलं आहे. बल्ली आणून ठेवलेली आहे, सुट्टीचा दिवस मिळायचा आहे.